ब्लॉगचं बिऱ्हाड

मामाने फोनवर एवढंच सांगितलं, "रविवारी सगळ्यांनी घरी या. एक निर्णय घ्यायचाय. फोनवर बोलण्यासारखं नाही."

असं बोलणारी माणसं एकतर घर विकतात, नाहीतर ऑपरेशन करून घेतात. आईने धसकाच घेतला. मामा तिचा धाकटा भाऊ, आणि तो आपणहून कधी कुणाला बोलावत नाही. ती मला म्हणाली, "डॉक्टरांचे नंबर घेऊन ठेव." मी ठेवले. वाटेत तिने डोळे पुसले आणि लहानपणी मामाने रेडिओ खोलला होता आणि परत जोडलाच नव्हता, ती गोष्ट पुन्हा सांगितली. त्याला तेव्हा फार मारलं याचं तिला आत्ता वाईट वाटत होतं.

तिथे गेल्यावर कळलं की मामाला आपला ब्लॉग एका साइटवरून उचलून दुसऱ्या साइटवर न्यायचा की नाही, हे ठरवायचं होतं.

"मेल्या," आई म्हणाली, "एवढ्यासाठी?" मग जरा वेळाने खुर्चीवर टेकून तिने विचारलं, "ब्लॉग म्हणजे काय?"

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करतो. उभा जन्म त्याने लिफ्टच्या खड्ड्यात नाहीतर गच्चीवरच्या मशीन रूममध्ये काढला. बोटांना ग्रीसचा वास, शर्टाच्या खिशात टेस्टर, आणि कान थोडे अधू, कारण मोटरच्या आवाजात आयुष्य गेलं. बोलण्याच्या बाबतीत तो अगदी कद्रू. त्याला फोन केला की दोन्ही बाजूंचं आपणच बोलायचं. पण लिहायला बसला की आवरत नाही. ब्लॉगचं नाव 'वर-खाली'. त्यावरचे लेख म्हणजे 'बटण जोरात दाबल्याने लिफ्ट लवकर येत नाही', 'लिफ्टमधल्या आरशाचे फायदे', 'काउंटरवेटविषयी थोडं प्रेमाने' (काउंटरवेट म्हणजे लिफ्टला तोलून धरणारं वजन), असे. भाची म्हणून सांगत नाही, चांगलं लिहितो. मी सगळे लेख वाचलेत असा त्याचा समज आहे आणि तो मी मोडणार नाही.

त्याचे खरे वाचक मोजकेच. कामावरचा त्याचा जोडीदार, लिफ्टच्या धंद्यातली इकडची तिकडची काही माणसं, आणि प्रत्येक लेखाखाली न चुकता प्रतिक्रिया लिहिणारी एक व्यक्ती, जिची सही 'एक वाचक' अशी असते.

ही एक वाचक म्हणजे माझी मामी.

आता इथे थांबून सांगायला हवं की मामा-मामींचा अबोला आहे. साधासुधा नाही, मुरलेला. झालं असं होतं की त्यांच्याच इमारतीची लिफ्ट एकदा दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत मामी होती, हातात सामानाच्या पिशव्या. मामा घरीच होता. धावत गेला. धावत गेला हे खरं, ते मामीही कबूल करते. पण दारापाशी पोचल्यावर त्याच्यातला मेकॅनिक जागा झाला. अडकलेल्या माणसाशी कसं बोलायचं याचे नियम असतात. आधी धीर द्यायचा, मग नाव विचारायचं, मग आत किती जण आहेत ते विचारायचं. मामाने दाराला तोंड लावून, अगदी शांत आवाजात म्हटलं, "घाबरू नका, मॅडम. मी लिफ्टचा माणूस बोलतोय. आपलं नाव सांगा."

आतून मामीचा आवाज आला, "माझं?"

"हो, मॅडम. आणि आत किती जण आहात?"

मामी बाहेर आली, पिशव्या त्याच्या हातात दिल्या आणि जिन्याने घरी निघून गेली. संध्याकाळपर्यंत राग उतरेल असं त्याला वाटलं. तो उतरला नाही तेव्हा त्याने खुलासा केला, "मी तिथे नवरा म्हणून गेलोच नव्हतो." या खुलाशाने जे काही शिल्लक होतं त्याचीही वाट लागली. मग मामालाही फुगायला कारण मिळालं. नियमाने वागलो, माफी कसली मागायची? त्याला आता कितीतरी वर्षं झाली.

म्हणजे घरात भांडण नव्हतं. दोघं एकत्र जेवत, एकाच कोचावर बसून टीव्ही बघत. फक्त एकमेकांशी बोलत नसत. मामीला काही सांगायचं असलं की ती फ्रिजला सांगायची. "पंख्याचं बटण सैल झालंय," असं फ्रिजला. मामा खिडकीला उत्तर द्यायचा. पण मामाचे कान अधू, त्यामुळे फ्रिजला सांगितलेलं निम्मं वाया जायचं. अशात मामाने 'अडकलेल्या प्रवाशाशी कसं बोलावं' हा लेख लिहिला. माणसाला कधी काय लिहू नये हे कळायला हवं. त्या लेखाखाली पहिल्यांदाच एक प्रतिक्रिया आली: "लेख माहितीपूर्ण. परंतु स्वतःच्या बायकोला नाव विचारू नये. – एक वाचक."

मामाने खाली लिहिलं, "प्रतिक्रियेबद्दल आभार. सूचनेचा जरूर विचार करू."

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. 'दाराचे सेन्सर' या लेखाखाली: "अवघड विषय सोपा करून सांगितलात. साबण संपला आहे." त्यावर लेखक: "आभार. येताना आणतो." 'काउंटरवेटविषयी थोडं प्रेमाने' याच्याखाली: "हा लेख लांबला आहे. निळ्या शर्टाची शिवण उसवली आहे, उद्या घालू नये." कामावरच्या जोडीदाराला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. त्याने खाली गंभीरपणे विचारलं होतं की निळा शर्ट नेमक्या कोणत्या कंपनीचे तंत्रज्ञ घालतात. एकदा मामाला ताप आला आणि त्याने आठवडाभर काही लिहिलं नाही, तेव्हा तिने जुन्याच लेखाखाली लिहिलं, "गोळी पलंगाच्या कडेला ठेवली आहे. पाण्यासोबत घ्यावी. लवकर बरे व्हा, वाचक वाट पाहत आहेत." पलंग एकच होता आणि ती त्याच्यावरच बसून लिहीत होती.

एवढं सुरळीत चाललेलं असताना मध्ये ते प्रशिक्षण केंद्र आलं. लिफ्टचं काम शिकवणारी संस्था. तिथल्या मुख्य बाईंना मामाचे लेख फार आवडले. शिकायला येणाऱ्या सगळ्यांनी ते वाचावेत, अभ्यासक्रमात मामाचं नाव लेखक म्हणून छापावं, असं त्यांच्या मनात होतं. अडचण एकच. मामाचा ब्लॉग ज्या जुन्या साइटवर होता तिथे लेखांच्या मध्ये केसांच्या कलपाच्या जाहिराती उगवायच्या, आणि खाली साबण, शर्ट वगैरे असायचं. बाईंनी एक नवी साइट सुचवली. स्वच्छ, देखणी, जाहिराती नाहीत. जुन्या प्रतिक्रिया तिथे येणार नाहीत. नवी प्रतिक्रिया लिहायची तर आधी खातं उघडायचं, खरं नाव द्यायचं, मग लिहायचं.

मामाला ते हवं होतं. त्याने तोंडाने म्हटलं नाही, पण मला कळत होतं. प्रत्येक लिफ्टमध्ये कंपनीच्या नावाची चकचकीत पट्टी असते. ज्याने ती लिफ्ट चालती ठेवली त्याचं नाव कुठेच नसतं. माझ्या मामाचं नाव आजवर घराच्या दारावर सोडलं तर कुठेही लिहिलं गेलं नव्हतं. आणि दुसऱ्या बाजूला मामी. ती नव्या साइटवर आली नाही तर या घरात कोण कुणाशी काय बोलणार?

तर बैठक अशी: मामा उभा, मी आणि आई कोचावर, मामी स्वयंपाकघरात पडद्यामागे. मामाने दोन्ही साइट्सचे गुणदोष सांगायला सुरुवात केली आणि त्याचा फोन वाजला. त्याने चष्मा लावून वाचलं, "एक वाचक म्हणतात, पाहुण्यांनी पाय पुसून आत यावं."

आई उठली, दारापर्यंत गेली, पाय पुसून परत आली.

फोन पुन्हा वाजला. "एक वाचक म्हणतात," मामा वाचू लागला आणि त्याचा चेहरा पडला, "ज्याला जायचं असेल त्याने जावं. आम्ही कोण अडवणारे." त्याने उभ्याउभ्याच उत्तर टाइप केलं. पडद्याआड फोन किणकिणला आणि पाठोपाठ भांडी जरा जास्तच जोरात आदळली.

"अरे, ती चार पावलांवर आहे," आई म्हणाली. "उठून आत जा आणि बोल."

"ताई, तांत्रिक विषयात भावना आणू नकोस."

"मग आम्हाला कशाला बोलावलंस?"

"लोड टेस्टसाठी," मामा म्हणाला.

त्याच्या कामाची ही पद्धत आहे. नवी लिफ्ट बसवली की तिच्यात आधी वजनं भरून बघतात. क्षमतेएवढी, आणि मग वर थोडी जास्तीची. ब्लॉगलाही हेच लागू, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. नव्या साइटवर त्याने चाचणीपुरता एकच लेख टाकला होता आणि आम्ही सर्वांनी तो एकाच क्षणी उघडायचा होता. नेहमीचे वाचक धरून हिशोब केला, वर जादा वजन म्हणून समोरच्या शेजारणीला बोलावलं, आणि आईला माझा जुना फोन धरायला दिला. मामाने हात वर केला. "तयार? सोडा!" आम्ही सगळ्यांनी बोट टेकवलं. लेख उघडला. मामा आणखी काही वेळ तसाच कान देऊन उभा राहिला. कशाचा करकर आवाज येतोय का ते तो ऐकत होता.

"पास," तो म्हणाला, आणि जीव भांड्यात पडल्यासारखा खाली बसला.

आता राहिली मामी. मी स्वयंपाकघरात गेले आणि तिचा फोन घेऊन तिचं खातं उघडायला बसले. नाव विचारलं तिथेच तिच्या कपाळावर आठी पडली, पण तिने दिलं. मग फोनने म्हटलं, तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा. ज्या चित्रांत जिने आहेत ती निवडा. मामीने निवडली. चूक. पुन्हा निवडली. पुन्हा चूक. ती कठडेही धरत होती, कारण कठड्याशिवाय जिना असतो का? मी म्हटलं, मामी, मी निवडते. ती म्हणाली, तुझ्या माणूसपणावर मी लिहू का? आणि फोन पिठाच्या डब्यावर ठेवून फ्रिजला म्हणाली, "इतकी वर्षं या घरात राबतेय. आता म्हणे माणूस आहे ते सिद्ध करा." यापुढे तिने फोनला हात लावला नाही. मीही हात टेकले आणि घरी आले.

पुढची चूक मात्र मामाच करू शकतो. काम चालू असताना लिफ्ट वापरात ठेवायची नाही, हा त्याच्या धंद्यातला पहिला नियम. अजून जायचं की नाही हे ठरलं नव्हतं, पण सामान हलवण्याची तयारी म्हणून त्याने जुन्या ब्लॉगवरच्या प्रतिक्रिया बंद केल्या आणि वर सूचना लावली. त्याच्या हाताला जी सूचना लिहायची सवय तीच: "देखभालीसाठी बंद. तसदीबद्दल क्षमस्व. कृपया जिन्याचा वापर करावा."

ब्लॉगवर जिना कुठून आणायचा, हा प्रश्न त्याला पडला नाही. मामीलाही पडला नाही. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी कागदाच्या चतकोरावर लिहिलं, "लेख नसल्यामुळे अभिप्राय नाही. मीठ संपत आले आहे. – एक वाचक," आणि तो कागद त्यांच्या मजल्याखालच्या जिन्यावर, वळणावरच्या भिंतीला चिकटवला.

मामा तो कधीच बघणार नव्हता. माझा मामा जिना वापरत नाही. तत्त्व म्हणून वापरत नाही. "मीच जिन्याने गेलो तर लोकांनी लिफ्टवर विश्वास का ठेवावा?" असं त्याचं म्हणणं. पण बाकीची इमारत जिन्याने जात होती. संध्याकाळपर्यंत कागदाखाली दुसऱ्या अक्षरात आलं, "आमच्याकडे जास्तीचं आहे. घेऊन जा. – वरचा मजला." मग कुणीतरी लिहिलं, "कोणता लेख?" मग कुणीतरी त्याला उत्तर दिलं. मामी रोज नवा कागद लावू लागली, एकेक वळण खाली सरकत. लोक कामावरून येताना लिफ्ट सोडून मुद्दाम चालत येऊ लागले. इमारतीच्या सेक्रेटरींनी भिंती खराब होतात म्हणून निषेधाचा कागद लावला, तोही तिथेच, आणि त्याखाली मामीने लिहिलं, "मुद्दा पटला. अक्षर सुधारावे."

इकडे घरात मामा बिनमिठाचं जेवत होता आणि काय चुकतंय ते त्याला कळत नव्हतं. मला फोन करून म्हणाला, "घर फार शांत झालंय गं." ते घर वर्षानुवर्षं शांतच होतं. पण तो खरंच घाबरला होता, आवाजावरून कळत होतं.

मी हे सगळं शेजारणीकडून ऐकलं आणि मला मामाचा इतका राग आला की कचेरीतून सुट्टी घेऊन सरळ त्याच्या घरी गेले. तो कामाला निघत होता. लिफ्टचं बटण दाबणार तेवढ्यात मी त्याचा हात धरला.

"आज जिन्याने चल."

"का? लिफ्ट चालू आहे." त्याच्या चेहऱ्यावर मी त्याचा अपमान केल्याचे भाव होते.

"मामा, चल म्हणते ना."

तो कठड्याला धरून, कुणी बघत नाही ना हे बघत उतरू लागला. पहिल्या वळणावर थांबला. चष्मा लावला. मीठ वाचलं, मग वरच्या मजल्याचं उत्तर वाचलं. पुढच्या वळणावर होतं, "निळा शर्ट शिवून ठेवला आहे." त्याच्या पुढच्या वळणावर, "रात्री खोकला येतो आहे असे ऐकू येते. दाखवून घ्यावे." खाली लोकांचे सल्ले: आलं, वाफ, एकाने डॉक्टरचा पत्ता दिलेला. सर्वांत खालच्या वळणावर सेक्रेटरींच्या निषेधाशेजारी मामीचा कालचा कागद होता. त्यावर इतकंच होतं, "लेख नाही तर करमत नाही." तिथे सही नव्हती. खाली कुणीही काही लिहिलेलं नव्हतं.

मामा कामावर न जाता वळला आणि जिन्यानेच वर चढू लागला. धापा टाकत होता, पण थांबला नाही. मी मागे.

घरात येऊन तो कोचावर बसतो न बसतो तोच प्रशिक्षण केंद्राच्या बाईंचा फोन आला. मामाचा फोन कायम स्पीकरवर असतो, कानांमुळे.

"सर, मग कधी येताय नव्या साइटवर? अभ्यासक्रम छपाईला जातोय. तुमचं नाव टाकायचंय."

"मी येत नाही, मॅडम," मामा म्हणाला.

"का? काही तांत्रिक अडचण आहे का?"

"तिथे माझ्या बायकोला लिहिता येत नाही."

बाई जपून म्हणाल्या, "पण सर, त्या... तुमच्या घरीच राहतात ना?"

"हो."

"मग त्यांना जे सांगायचं असेल ते त्या घरीच सांगू शकतात की."

"घरी आम्ही बोलत नाही, मॅडम," मामा म्हणाला. त्यात त्याला लाजण्यासारखं काही वाटत नव्हतं. "तिचं जे काही आहे ते सगळं या जुन्या ब्लॉगवर आहे. नाव छापलं नाही तरी चालेल मला."

मला माहीत होतं ते चालणार नव्हतं.

पडदा सरकला. मामी बाहेर आली, हात ओले, पदराला पुसायचेही राहिलेले. फ्रिजकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. सरळ मामासमोर येऊन उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "जा तुम्ही तिकडे. मी तोंडानं बोलेन."

फोनमधून बाई "सर? हॅलो? सर?" करत होत्या.

"नक्की?" मामाने विचारलं.

"नक्की म्हणजे? आता काय लेखी देऊ?"

मामा रडायला लागला. मी त्याला आजी गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. बाहीला डोळे पुसत तो फोनमध्ये म्हणाला, "येतो, मॅडम. टाका नाव," आणि फोन बंद केला.

मग दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि दोघांनाही काही सुचेना. इतक्या वर्षांनी सुरुवात कुठून करायची? मलाच अवघडल्यासारखं झालं. शेवटी मामी म्हणाली, "ती खिडकी लावा. ऊन येतंय."

"ऊन नाही ते. उजेड आहे."

"मला ऊन कळत नाही?"

"कळतं, पण या बाजूला या वेळी ऊन येतच नाही. सूर्य तिकडे असतो."

"सूर्य तुम्ही दुरुस्त करता का?"

मी हळूच उठले. कुणाचं लक्षही गेलं नाही. बाहेर येऊन चपला घालेपर्यंत आतला आवाज चांगलाच चढला होता. मामीचा वरून, मामाचा खालून, दोन्ही एकाच वेळी. समोरचं दार उघडून शेजारीण घाईघाईने बाहेर आली.

"अगं, काय झालं? भांडतायत?"

"नाही हो," मी म्हटलं. "बोलतायत."